राखाडी शर्टवाल्यांची बस

आकुर्डीच्या चौकात मी दुसऱ्याच कंपनीच्या बसमध्ये चढलो. आणखी एकदा उशीर झाला तर साहेब मला कायमचं घरी बसवणार होते; त्या घाईत बसवरचं नाव वाचलंच नाही.

शेजारच्या गृहस्थांनी डबा मांडीवर घेऊन मला जागा दिली. मत मांडताना ते एक बोट वर करत आणि मत संपलं की त्याच बोटाने मिशी सारखी करत. "सरकारनं रस्ते करावेत, चोर पकडावेत. आपलं घर आपण चालवावं. फुकट मिळालं की माणूस बसून खातो," ते म्हणाले. मला हे इतकं पटलं, की फुकट वाटपाच्या योजनांवर मी चाकणपर्यंत भाषण ठोकलं. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, कारण बोलत मीच होतो.

बस भलत्याच गेटात वळली तेव्हा मी ओरडलो, "अहो, ही माझी कंपनी नाही!"

"माहीत आहे. तुमचा शर्ट निळा, आमचे सगळ्यांचे राखाडी."

"मग आधी बोलला का नाहीत?"

बोट वर झालं. "फुकट बसलेला माणूस फुकट्यांना किती वेळ शिव्या घालतो, ते बघत होतो, राव."