चार वाजताची वाटी

माझ्या भाऊजींनी चौतीस वर्षं पाणी शुद्धीकरण केंद्रात काढली. आमच्याकडे जेवायला आले तरी पेला आधी उजेडाकडे धरायचे, आत काही तरंगत नाही ना ते बघायचे आणि मगच तोंडाला लावायचे. आई बिचारी दर वेळी ओशाळायची. मी म्हणायचे, "विष घातलंय भाऊजी, पण ते तळाशी बसलंय. वरचं वरचं प्या." मग ते हसायचे. हसण्याच्या बाबतीत माणूस फार चिकट, पण मेहुणी म्हणून माझ्या वाट्याला त्यातल्या त्यात बरं यायचं.

त्यांच्या घरामागे एक तळं आहे. तळं म्हणायची ती माझी थोरली बहीण, म्हणजे ताई. खरं तर तो आमच्या वडिलांच्या वीटभट्टीसाठी माती उपसून उपसून पडलेला खड्डा. भट्टी बंद झाली, खड्ड्यात पाणी साचलं, आणि बाकीचं आपोआप झालं. शेवाळ आलं, लव्हाळं आलं, एका वादळात काठावरचं झाड आडवं झालं आणि त्याचं खोड अर्धं पाण्यात पडून राहिलं. त्या खोडावर खंड्या बसायचा. मासे कुठून आले ते कुणालाच ठाऊक नाही.

रोज दुपारी चार वाजता ताई चहा करायची, दोन कप भरायची आणि पावाचा चुरा घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसायची. स्टीलची वाटी दगडावर तीनदा आपटली की मासे काठाशी गोळा व्हायचे. फाटक्या शेपटीचा एक जाडा मासा सगळ्यांत आधी यायचा. त्याचं नाव तिनं साहेब ठेवलं होतं. भाऊजींची बहुतेक कायम रात्रपाळी. त्यामुळे त्या वेळी ते मागच्या खोलीत झोपलेले असत. त्यांना दिवसा झोप लागावी म्हणून ताईनं त्या खिडकीला जाड काळा पडदा स्वतः शिवून लावला होता.

"एका बाजूचा काठ जरा उतरता करून द्या हो, पाखरांना पाण्याशी जाता येत नाही," म्हणून ती वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागली होती. "रिटायर झालो की करतो," हे उत्तर ठरलेलं. ते रिटायर झाले त्याच वर्षी ती आजारी पडली आणि आठ महिन्यांत गेली.

त्यांची लेक लांबच्या देशात असते. ती आली, दोन आठवडे राहिली आणि म्हणाली, "बाबा, आता घर बंद करा आणि माझ्याकडे चला." भाऊजी म्हणाले, "येतो. आधी आईच्या तळ्याचं काम करतो." त्यांनी खरंच अगदी मनापासून केलं. पंप लावून निम्मं पाणी उपसलं. गाळ काढला, शेवाळ खरवडलं, लव्हाळं मुळासकट उपटलं. खोड दोराने ओढून बाहेर टाकलं. चारी बाजूंनी दगड लावून काठ सरळसोट बांधला. नवं पाणी सोडलं आणि त्यात चुना आणि तुरटी टाकली, अगदी हिशेबानं.

मी रविवारी गेले तेव्हा त्यांनी पेला भरून उजेडाकडे धरला. "बघ," म्हणाले, "तळ दिसतोय."

पुढच्या रविवारी गेले तर ते काठावर उकिडवे बसले होते. जुन्या वर्तमानपत्रावर मेलेले मासे एका ओळीत मांडलेले होते. पहिलाच साहेब. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या नातलगांना माहीत आहे. मी म्हटलं, "ताईनं एवढंच काय ते जिवंत मागे ठेवलं होतं. तेही तुम्ही धुऊन काढलंत." त्यानंतर चार महिने मी तिकडे फिरकले नाही. आज लाज वाटते. ताई गेल्याचा राग मला कुणावर तरी काढायचा होता आणि हा माणूस समोर बसला होता, एवढीच त्यातली खरी गोष्ट.

मग लेकीचा फोन आला. "मावशी, बाबा फोनवर फक्त पाण्याबद्दल बोलतात. तू एकदा जाऊन ये ना."

गेले. स्वयंपाकघरात मांडणीवर एकच कप ओला होता. फ्रिजवर ताईचा चष्मा जिथल्या तिथे. भाऊजी मागे होते, गुडघाभर चिखलात, आणि स्वतःच बांधलेला काठ पहारीने फोडत होते. मी माफी मागायची मनात जुळवून आणली होती, पण त्यांनी ती वेळच येऊ दिली नाही.

"मत्स्य खात्याच्या बाई आल्या होत्या," म्हणाले. "मीच अर्ज केला होता. त्यांनी पाणी बघितलं, काठ बघितला आणि म्हणाल्या, काका, तुम्ही तळ्याची टाकी केलीत."

"मग?"

"मी म्हटलं, थँक यू."

मला हसू आवरेना. तेही हसले, आणि मग एकदम थांबले. "पाण्यात काही असणं म्हणजे घाण, हेच शिकलो ग मी. चौतीस वर्षं त्याचाच पगार घेतला."

बाईंनी सांगितलं ते सगळं त्यांनी केलं. एक काठ उतरता केला, ताईला हवा होता तसाच. कडेला उथळ पायरी ठेवून तिथे लव्हाळं लावलं. जुन्या दगडखाणीतल्या डबक्यातून बादलीने शेवाळ आणलं. ज्याला जन्मभर पाण्यात पाहिलं ते शेवाळ हा माणूस दोन्ही हातांनी जपून आणत होता. खोड परत जागेवर गेलं. मग वर्षभर नुसतं थांबायचं होतं. थांबणं त्यांना जमतं. नोकरीतल्यासारखी त्यांनी एक वही आखली: तारीख, वेळ, पाण्याचा रंग, शेरा. शेऱ्यात मी वाचलं, "बेडूक, एक." आणि खाली, "खंड्या आला. थांबला नाही." घरात बोलायला कुणी नव्हतं, तेव्हा दिवसभराचं सगळं बोलणं त्या शेवटच्या रकान्यात.

वर्षानं बाईंनी मासे सोडले. एकही मेला नाही. भाऊजींनी ताईची वाटी काढली आणि रोज चार वाजता पायरीवर बसायला लागले.

"एक तरी यायला हवा," मला म्हणाले. "वाटीला एक मासा आला, की तिचं होतं तसं झालं म्हणायचं. मग मी लेकीकडे जायला मोकळा."

दोन महिने वहीत एकच शेरा होता. "चार वाजता वाटी. नाही."

त्या दिवशी बाई शेवटची पाहणी करायला आल्या, तेव्हा मीही होते. त्या भलत्याच खूश. लव्हाळ्यात पाणकोंबडीचं घरटं होतं, खंड्या खोडावर ठाण मांडून बसला होता. भाऊजींनी परीक्षेला बसल्यासारखं विचारलं, "मग मासे वाटीला का येत नाहीत?"

"कशाला येतील काका? पोटभर खायला आहे त्यांना इथे. तळं चांगलं झालं की त्याला माणूस लागत नाही. तुम्ही रोज चुरा टाकत राहिलात तर लागेल चटक, वर्षा-दोन वर्षांत. पण गरज काही नाही."

बाई गेल्या. चार वाजले. मी चहा केला आणि आम्ही पायरीवर बसलो. भाऊजींनी वाटी तीनदा वाजवली. पाणी हिरवं, गढूळसर, ताईच्या वेळी असायचं तसं. कुणीही आलं नाही.

वाटीतला चुरा पाण्यात टाकून ते म्हणाले, "तिच्या वेळी तरी तळ्यात काय कमी होतं? शेवाळ होतं, खोड होतं, खायला भरपूर होतं. मग ती रोज वाटी कशाला वाजवायची?"

मला माहीत होतं. ताईनंच एकदा सांगितलं होतं, याच पायरीवर, हसत हसत. "दोन कप भरते आणि वाटी वाजवते. मासे येतात. कधीतरी आतलं माणूसही येईल." पण हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? एकदा बोलून चुकले होते.

"सवय हो," मी म्हटलं. "मासे आवडायचे तिला. तुम्ही दमून झोपलेले असायचात, तुम्हाला कुठे ऐकू यायचं ते."

त्यांनी वाटी पदराने पुसल्यासारखी सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि मांडीवर ठेवली. मागे खिडकीत तो काळा पडदा अजून होता.

"मी जागा असायचो," भाऊजी म्हणाले.