माझ्या दुकानातला क्लटर

मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात स्क्रू साठतात तसे किस्सेही साठतात. टाकवत नाहीत! कसबा पेठेतलं माझं दुकान एवढंसं, की माझी खुर्ची आत तर गिऱ्हाईक बाहेर. शाळा चौथीपर्यंत. पण एक इंग्रजी शब्द या वयात लोकांनी घोटून घेतला.

*

मुलगा महेश आयटीत. दारातूनच म्हणाला, "आप्पा, केवढा क्लटर हा!"

"म्हणजे रे काय?"

"नको असलेलं सामान. उगाच जागा अडवणारं."

"मग दारातून बाजूला हो, उजेड येऊ दे!"

*

कुलकर्णीबाईंनी नाक मुरडलं. "अहो, या क्लटरमध्ये माझा मिक्सर सापडायचा का?"

"दिवाळीला टाकून गेलात, आता आंबे आले. क्लटर तुमचाच बाई, मी नुसता सांभाळतोय!"

*

शेजारच्या फ्रेमवाल्या बाबूरावलाही शब्द आवडला. "आप्पा, रस्त्यावर काय क्लटर आज!"

"बाबूराव, क्लटर सामानाचा. माणसांचा झाला की त्याला पेठ म्हणतात."

*

मग महेशने धोशाच लावला. दुकान बंद करा, विश्रांतवाडीला फ्लॅटवर या, आराम करा. "वर्षभर हात लागला नाही ते सरळ टाकायचं, आप्पा."

मी भिंतीवरच्या त्याच्या आईच्या फोटोकडे बोट केलं. "तिथून सुरू कर."



*

नंतर मला ताप आला. चार दिवस फ्लॅटवर. सूनबाई मायेने करते, पण हात शिवशिवतात त्याचं काय? गॅलरी सहा पावलं. जाऊन-येऊन बारा. पाचव्या दिवशी रिक्षा करून दुकान गाठलं.

दुकान चकाचक! आत महेश उभा.

माझी रीत अशी, की खोललेल्या प्रत्येक मिक्सरचे भाग त्याच्या-त्याच्या वर्तमानपत्रावर. महेशने अकराच्या अकरा पेपर रद्दीत घातले होते. सगळे स्क्रू एका डब्यात, झाकणं दुसऱ्यात, पाती तिसऱ्यात. वर छापील चिठ्ठ्या!

"आता कुलूप लावायला मोकळे, आप्पा."

"लाव की. फक्त अकरा लोकांचे मिक्सर जोडून दे आधी."

तासाभरात सगळे डबे उपडे. महेश जमिनीवर मांडी घालून, हात काळे, चहूकडे स्क्रू. मी दारात येरझाऱ्या घालत होतो.

सूनबाईचा फोन आला. त्याने स्पीकरवर घेतला.

"महेश, झालं का आवरून? आप्पांना घेऊन निघ ना."

महेशने एक पातं उजेडात धरलं, उलटसुलट केलं, खाली ठेवलं.

"आप्पा कुठे येत नाहीत. तूच इकडे ये. आणि येताना जुने पेपर आण. अकरा!"