अक्काची मिश्री

अक्का गेली त्याला आता दीड महिना होईल. सकाळी भाचीचा, सुनीताचा फोन आला, "मामा, आई गेली." मी नुसतं "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. तोंडाच्या कॅन्सरनं वर्षभर सगळ्यांना इतकं थकवलं होतं, की रडायलाही बळ उरलं नव्हतं...

अक्का माझी थोरली बहीण. नांदेडकडून हैदराबादला आली, तारनाक्याला एका शाळेत आया म्हणून लागली आणि त्या पगारात तिनं मला शिकवलं. पहाटे डोळे उघडले की तिला मिश्री लागायची. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ती काळी पूड बोटानं हिरड्यांवर फिरवत ती अर्धा अर्धा तास उंबऱ्यात बसे. तोवर तिच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती. बेगम बाजारातून तिची तंबाखू आणायचो मीच. पुढे घरोघरी केबल आली, टूथपेस्टच्या रंगीत जाहिराती आल्या, पण अक्काची डबी होती तिथंच राहिली.

त्याच सुमारास हिमायतनगरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मला नोकरी लागली. दारुड्यांना विचारायचे प्रश्न पाठ व्हावेत म्हणून एका रविवारी मी अक्कालाच पेशंट केलं. उठल्याउठल्या लागतं का? "व्हय." न मिळालं तर चिडचिड होते? "तुला ठाऊक नाही व्हय?" सोडायला गेलात आणि जमलं नाही, असं झालं का? "दोनदा... सुनीता पोटात होती तवा, अन् मागच्या साली." मी तिन्ही ठिकाणी 'होय' लिहिलं. निदान समोरच होतं. पण आमच्या लेखी व्यसन म्हणजे दारू, गांजा, तेही पुरुषांचं. मिश्री म्हणजे दात घासणं. मी हसत हसत खाली लिहिलं, 'व्यसन नाही', ऐटीत सही ठोकली आणि कागद तिच्या हातात दिला. "घे, पास झालीस."

खूप वर्षांनी तिच्या गालात आतून पांढरा चट्टा आला. डॉक्टरांनी विचारलं, "कुछ लत है क्या इनको?" "नहीं," मी म्हणालो. खोटं बोलतोय असं मला वाटलंसुद्धा नाही, याचीच आता चीड येते.

परवा सुनीतानं अक्काची डबी माझ्यापुढे ठेवली. झाकणात तो कागद होता, घडीवर फाटत आलेला, तंबाखूनं तपकिरी झालेला.

"मी मिश्रीवरनं ओरडले, की आई हाच काढून दाखवायची," ती म्हणाली. "म्हणायची, तुझा मामा त्याच कामात हाय. त्यानं लिहून दिलंय."