गोठ्यातून निवडलेले नट

कोलमन टार्पीचा धंदा गाई भरवण्याचा. क्लूनबारच्या आसपास वीस मैलांत कुणाची गाय माजावर आली, की सकाळी दूध संघाच्या कचेरीत फोन जायचा आणि दुपारच्या आत कोलमनची हिरवी मोटार त्या अंगणात उभी राहायची. डिकीत वळूच्या वीर्याची नळकांडी, खांद्यापर्यंतचे हातमोजे आणि साबणाची वडी. मागच्या सीटवर यंदाच्या नाटकाच्या टाइप केलेल्या प्रती. लोक त्याला ‘टोपीवाला वळू’ म्हणायचे, तेही तोंडावर, आणि हा गडी टोपी काढून त्यांना झुकून नमस्कार करायचा.

त्याचं निम्मं लक्ष गाईकडे आणि निम्मं गाईच्या मालकाकडे असे. माणूस माणसाशी बोलताना नाटक करतो, गाईशी बोलताना करत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. म्हणून हात आत घातला की तो मालकाला सांगायचा, “तिचं डोकं धर आणि जरा बोलण्यात गुंतव तिला.” आणि कान टवकारून ऐकत राहायचा. गाईला आईबहिणीवरून शिव्या देणारा एक जण त्यानं पाद्री म्हणून उभा केला आणि लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. अठ्ठेचाळीस वर्षांचा एक ब्रह्मचारी गाईच्या कानात काय काय कुजबुजायचा, त्याला कोलमननं प्रेमवीर केलं. पुढच्याच वर्षी त्याचं लग्न जमलं, आणि त्या गाईला काय वाटलं असेल यावर गावानं महिनाभर चर्चा केली.

अशी एकतीस वर्षांत एकतीस नाटकं बसवली त्यानं. पण अ‍ॅथलोन काही नशिबी आलं नाही.

ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस आले, की आमच्या गावोगावच्या हौशी मंडळ्या आपापलं नाटक घेऊन हिंडायला लागतात. आज या गावचा महोत्सव, परवा त्या. नाटक संपलं की परीक्षक पडद्यापुढे येतो आणि भरल्या हॉलसमोर कोण चांगलं, कोण वाईट आणि का, ते सगळं सांगतो. काही लोक तर तेवढ्यासाठीच तिकीट काढतात. नटमंडळी रंगवलेल्या तोंडानं पडद्यामागे उभी राहून ऐकत असतात. मग घरी यायचं, परीक्षकानं काढलेली खोड दुरुस्त करायची आणि पुढच्या गावी जायचं. शेवटी ज्यांच्या पदरात जास्त गुण, ते अ‍ॅथलोनला अंतिम फेरीत. कोलमन तीनदा त्या दारापर्यंत जाऊन परत आला होता. यंदा त्याला साठ पूर्ण झाली होती, एका तापट गाईच्या लाथेनं कंबर अधू झाली होती, आणि हे आपलं शेवटचं नाटक, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

परीक्षकाचा शब्द त्याच्यासाठी वेदवाक्य होता. अडुसष्ट साली त्याची बायको सबीना त्याच्याच नाटकात होती. बोटीवर गेलेल्या माणसाची वाट पाहणारी मुलगी. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिसऱ्या महोत्सवात परीक्षक म्हणाला, “या बाई आपली वाक्यं आमच्यासाठी म्हणतात की स्वतःसाठी, ते कळलं नाही. आमच्यापर्यंत काही पोचली नाहीत.” हॉल हसला. त्या बुधवारी सबीना तालमीला आली, तेव्हा तिच्या जागेवर दुसरीच बाई उभी होती. मंडळीचे सेक्रेटरी गॉर्मली मास्तर यांनी सबीनाला चहाच्या बंबापाशी गाठून सांगितलं. कोलमन तेव्हा शिडीवर चढून दिव्याशी खटपट करत होता, म्हणजे करत असल्याचं दाखवत होता. सबीनानं हातातली प्रत टेबलावर ठेवली आणि चहासाठी पाणी चढवलं. त्यानंतर सव्वीस वर्षं तिनं मंडळीचे कपडे शिवले, पण रंगमंचावर उभी राहिली नाही. दोघांत या विषयावर चकार शब्द निघाला नव्हता. ती विसरली, असं कोलमन समजून चालला होता. असं समजून चालायला नवराच लागतो.

तर यंदाच्या नाटकात एक थोरली बहीण होती. आजारी भावाच्या उशाशी बसून, त्याचं घर विकलं गेलंय, हे ती त्याला तिसऱ्या अंकात सांगते. सारं नाटक त्या सांगण्यासाठी लिहिलेलं. ही बाई कोलमनला ऑक्टोबरमध्ये डिलिया बीर्नच्या गोठ्यात सापडली. डिलियाचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता. अकरा गाई आणि ती. चर्चमध्ये आणि दुकानात ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ यापलीकडे कुणी तिचा आवाज ऐकला नव्हता. त्या सकाळी एक कालवड थरथरत होती आणि डिलिया तिच्या कपाळाला कपाळ लावून सांगत होती, “घाबरू नको गं राणी. होतंय वाईट, माहीतय मला. मी कुठं जात नाहीये. सांगते ना, मी कुठं जात नाहीये.”

कोलमनचं काम केव्हाच उरकलं होतं, पण त्यानं हात बाहेर काढला नाही.

“गुरुवारी आठ वाजता हॉलवर ये,” हात धुताना तो म्हणाला.

“मी? तुम्हाला लाथ डोक्याला लागली होती की कमरेला?”

पण ती आली. आणि मंडळी महोत्सवांतून गुण मिळवत गेली. एकच महोत्सव उरला असताना, त्याच्या आधीच्या गावी, चष्मेवाला परीक्षक पडद्यापुढे आला आणि म्हणाला, “थोरल्या बहिणीचे हात बोलतात, गळा बोलत नाही. सहाव्या रांगेमागे आम्हाला नुसती गुणगुण ऐकू येते. नाटकाचा कणाच तिथं मोडतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच गॉर्मली मास्तर कोलमनच्या स्वयंपाकघरात हजर. तपकिरी पावाला लोणी फासता फासता त्यांनी हिशेब मांडला: शेवटच्या महोत्सवात पहिला नंबर आला की अ‍ॅथलोन पक्कं. आणि बर्नी फॅलन विंगेतून वाक्यं पुरवते, म्हणजे थोरली बहीण तिला पाठच आहे. शिवाय तिनं हाक मारली तर पलीकडच्या परगण्यातले मेंढे वळून बघतात.

“डिलियाचं काम बरं होतं पण,” कोलमन म्हणाला.

“बरं होतं रे, पण कुणाला? पहिल्या पाच रांगांना? कोलमन, एकतीस वर्षं. आता कच खाऊ नकोस.”

कोलमननं चहा ढवळला. साखर घातलीच नव्हती, तरी बराच वेळ ढवळला. “ठीक आहे. पण मास्तर, तिला तुम्ही सांगा. तुम्हाला ते नीट जमतं.”

सबीना खिडकीशी बसून थोरल्या बहिणीच्या झग्याची खालची पट्टी उसवत होती, कारण बर्नी उंच होती. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं, तिनं आपलं ऐकून हात चालवले होते. ते हात थांबले.

“या वेळी तू जा,” ती म्हणाली.

“कुठं?”

“डिलियाकडे. काढायचं तर काढ. नाटक तुझं आहे. पण तुझ्या तोंडानं सांग. मास्तरांना पाठवू नको.” मग मास्तरांकडे वळून, “पाव घ्या ना अजून. तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही नेहमी निरोपच आणता.”

मास्तरांचा घास तोंडातच राहिला. कोलमन कानापर्यंत लाल झाला. सव्वीस वर्षं हे बाईच्या मनात होतं, आणि तो रोज तिच्या हातचा चहा पीत होता. त्यानं टोपी उचलली आणि बाहेर पडला.

डिलियाच्या फाटकाशी तो मोटारीत बसून राहिला. ‘हे बघ डिलिया’ अशी सुरुवात करून त्यानं चार-पाच वाक्यं जुळवली आणि सगळी मोडली. लोकांना बोलायला शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता, पण स्वतःला एक वाक्य धड जमेना.

डिलिया गोठ्याच्या पार टोकाला, पाठमोरी, वासराला बादलीतून दूध पाजत होती. तिचं काहीतरी बोलणं चाललं होतं, पण दारात उभ्या कोलमनला नुसती गुणगुण ऐकू येत होती. मग बादली घेऊन ती वळली आणि वासराशी बोलत बोलतच दाराकडे आली. “पोट भरलं ना? आता आईला त्रास द्यायचा नाही. ती थकलीय.” आवाज तोच होता. तिनं तो तसूभरही चढवला नव्हता. आणि कोलमनला शब्द न् शब्द ऐकू आला.

“तिथं जा परत,” तो म्हणाला.

“काय?”

“त्या टोकाला. भिंतीकडे तोंड कर आणि भावाला घर विकल्याचं सांग.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं, बादली ठेवली आणि गेली. पुन्हा गुणगुण. “आता माझ्याकडे तोंड कर. आता पाच पावलं पुढं ये. बोलायचं थांबू नको. अजून पाच.” अकरा गाई माना वळवून बघत होत्या. शेवटी डिलिया त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती आणि हलक्या आवाजात त्याला सांगत होती, की घर आता आपलं नाही, पण ती कुठंही जात नाहीये. कोलमनचे डोळे भरून आले, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

“खाट!” तो ओरडला. वासरू दचकलं. “अगं, खाट चुकली! मागच्या भिंतीला लावलीय मी ती, चूल झकास दिसावी म्हणून. आणि तुझी पाठ लोकांकडे. तुझ्या गळ्याला काय झालंय? काही नाही. मी गाढव आहे.”

“म्हणजे मला काढत नाही?”

“काढायलाच आलो होतो,” तो म्हणाला. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

“माहीतय. तुमची मोटार अर्धा तास फाटकाशी उभी होती.” तिनं हात झग्याला पुसले. “पण आलात तुम्ही.”

शेवटच्या महोत्सवात खाट रंगमंचाच्या पार पुढच्या कडेला आली. चूल मास्तरांनी स्वतःच्या हातांनी बांधली होती, ती खाटेमागे झाकून गेली, आणि मास्तरांचं तोंड आंबट झालं. डिलिया खाटेच्या मागच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून बसली आणि आपल्या गोठ्यातल्या आवाजात बोलली. त्या संध्याकाळी परीक्षक म्हणून उत्तरेकडून आलेल्या एक ठेंगण्या बाई होत्या. त्या पडद्यापुढे येऊन म्हणाल्या, “माझ्या मागच्या रांगेत एक गृहस्थ सगळा वेळ गोळीचा कागद उलगडत होते. तिसऱ्या अंकात ते थांबले. ती गोळी त्यांनी अजून खाल्लेली नाही.” हॉल हसला, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. मग त्या म्हणाल्या, की आजारी भावाचे तळवे मात्र पहिल्या तीन रांगांच्या नाकाशी आले होते, आणि इतकी सुंदर चूल कुणी खाटेनं झाकतं का? दोन गुणांनी पहिला नंबर दुसऱ्या मंडळीला गेला. अ‍ॅथलोनही त्यांच्याकडे गेलं. मास्तर ईस्टरपर्यंत कोलमनशी बोलले नाहीत.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर कोलमन आणि सबीना सामान आवरायला हॉलवर गेले. दोघंच होते. कोलमन खाटेचे खिळे काढत होता, सबीना झगे घडी करून पेटीत ठेवत होती. त्याच्या डोक्यात चार दिवस एकच गोष्ट घोळत होती. खिळा अर्धा निघाला होता, तेव्हा ती तोंडातून बाहेर पडली.

“सबीना. त्या नाटकात मी तुला खिडकीशी उभं केलं होतं.”

तिनं घडी पुरी केली. “हो.”

“समुद्राकडे बघत. मागच्या भिंतीच्या खिडकीशी. म्हणजे लोकांकडे पाठ.”

“हो.”

“मग कसं ऐकू जाणार होतं कुणाला?” तो खाटेच्या कडेवर बसला. “तुझ्यात काही खोट नव्हती. माझीच चूक होती. आणि मी तुला काढलं.”

सबीना झग्यावरची सुरकुती तळहातानं सारखी करत राहिली. “मला माहीत होतं रे.”

“केव्हापासून?”

“त्याच आठवड्यापासून. मी घरी आरशापुढे करून बघितलं. त्या बुधवारी मी तालमीला तेच सांगायला येत होते. म्हटलं, कोलमनला सांगू, समुद्र लोकांच्या बाजूला आहे असं समजू या. मी तिकडे बघते.” ती थांबली. “आले तर ती तिथं उभी होती.”

 ‘चुकलो’ हा शब्द कोलमनला फार लहान वाटत होता, तरी तो म्हणाला. दोनदा म्हणाला. सबीनानं मान हलवली, आणि तिचेही डोळे ओले झाले होते.

मग तो उठला. लंगडत पायऱ्या उतरला, मधल्या वाटेनं पार मागे गेला आणि शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसला.

“येड्यासारखं करू नको,” सबीना वरून म्हणाली. “अठ्ठावन्न वर्षांची आहे मी.”

“समुद्र इकडे आहे,” कोलमन म्हणाला.

 मग झगा खाली ठेवून ती रंगमंचाच्या कडेपर्यंत आली, त्याच्या डोक्यावरून दूर कुठंतरी पाहिलं आणि त्या मुलीची वाक्यं म्हणायला लागली. आवाज चढवला नाही, आणि एकही शब्द विसरली नाही. सगळं भाषण तिनं म्हटलं. शेवटच्या रांगेत सगळं ऐकू आलं.