नसांभोवतीचं पाणी

झाशीच्या एमआरआय सेंटरमध्ये आईचा नंबर यायचा होता. आमचं मराठी ऐकून एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले. रेल्वेतून निवृत्त झालेले, जवळच्या बबीन्याहून एकटेच आलेले. बायको गेल्यापासून मराठी बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे शब्द आठवत, थांबत बोलत होते.

आपला रिपोर्ट दाखवून डॉक्टरांकडून बाहेर आल्यावर ते म्हणाले, "दिमाग... मेंदूतल्या नसांभोवती पाण्याच्या जागा असतात म्हणे. माझ्या थोड्या रुंदावल्यात. वयानं होतं, काळजी नको, म्हणाले."

"चांगलं झालं की, काका!"

त्यांनी मांडीवरचा रिपोर्टचा लिफाफा हातानं सारखा केला.

"हो. पण काही निघालं असतं, तर मुलगा आला असता."

मग त्यांनी मुलाला फोन लावला आणि हसऱ्या आवाजात म्हणाले, "सब ठीक है, बेटा. आने की जरूरत नहीं."