बंद केलेलं पान

बरीच वर्षं हे सांगायचं टाळलं. इथले अनुभव मी नेहमी वाचतो. मधे लिहायलाही बसलो होतो, अर्ध्यावर पुसून टाकलं. आज पूर्ण लिहितो. भुताखेतांवर, अंगात येण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता... अजूनही नाही. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर झाली. अंधारात पाटाच्या कडेनं एकटा हिंडलो, कधी काही दिसलं नाही. जे घडलं ते माझ्या घरी, भर दुपारी, ओट्यावर घडलं.

गाव सोमेश्वरनगरजवळ, तालुका बारामती. घरात मी आणि बायको, इंदू. मुलगा पुण्याला. मुलगी सुमी इंदापूरला. सुमीनं लग्न केलं ते ऊसतोड मजुराच्या मुलाशी. मुलगा शिकलेला, सरळ. पण त्याचे आईबाप आमच्याच शिवारात कोयता घेऊन आलेले, ते मला पचलं नाही. "तुझं माहेर संपलं" म्हणालो. घरात फोन एकच, माझा. त्यावर तिचा नंबर ब्लॉक केला.

दोघं नवराबायको इंदापूरकडं तोडणी मजुरांच्या मुलांची शाळा चालवायची. सुमीची एक वेबसाइट होती. शाळेत काय झालं, कोण काय बोललं, असं थोडं थोडं लिहायची, फोटो टाकायची. इंदूचा गुडघा गेलेला, म्हणून मुलानं तिला भजनं ऐकायला टॅबलेट आणून दिला, आणि जाता जाता सुमीचं पान उघडायला शिकवून गेला. दुपारची भांडी आवरली की इंदू ओट्यावर बसायची आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून ते वाचायची. मला दिसायचं. खपायचं नाही.

त्यात भजनांच्या मधेच नको त्या जाहिराती यायला लागल्या. रमीच्या, उघड्यावाघड्या बायकांच्या. एकदा पाहुणे बसलेले असताना तसलंच काही उघडलं आणि इंदूनं टॅबलेट पदराखाली झाकला. मी तो बारामतीला, घरच्यासारख्या ओळखीच्या रियाजच्या मोबाइल दुकानात नेला. त्यानं नको त्या साइट बंद करणारं अ‍ॅप टाकून दिलं, पिन माझ्याकडं.

"तात्या, अजून कुठली नको आसंल तर हितं नाव टाकायचं. लाल गोल आला म्हंजी बंद."

घरी येऊन मी पहिलं नाव टाकलं ते सुमीच्या साइटचं.

नोकरीत माझी एक सवय होती. पाण्याची पाळी नसताना कुणी पाणी घेतलं की त्याच्या शेताकडं जाणाऱ्या चारीचं दार मी पाडायचो. तो विचारायला आला की म्हणायचो, "वरूनच पाणी कमी आलंय." भांडण नको म्हणून. इंदूलाही तसंच सांगितलं, "सुमीनंच ते बंद केलंय बघ. कंटाळली असेल."

इंदूनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "कुठं बंद हाय? चालू हाय की. आज पोरांनी मातीचं बैल केल्यात. एकाच्या बैलाला शिंगंच न्हाईत, तर त्यो म्हनतोय, ह्ये गाढाव हाय."

टॅबलेट तिच्या हातातून घेतला. लाल गोल. खाली 'ही साइट बंद केलेली आहे.' परत तिच्या हातात दिला, तर बोट सरकवत पुढचं वाचायला लागली. मी तिच्या खांद्यावरून बघतोय — लाल गोलच.

परसात गेलो आणि माझ्या फोनवर सुमीची साइट उघडली. मातीचे बैल. त्यात एक बिनशिंगाचा. खाली सुमीनं लिहिलेलं, मालकाच्या मते हे गाढव आहे...

वाटलं, कुणीतरी हिला सांगतंय. पण दुपारचं आमच्याकडं कुणी फिरकत नव्हतं आणि इंदू फाटकापर्यंत जाऊ शकत नव्हती. टॅबलेटचं इंटरनेट बंद करून बघितलं. तरी वाचायची.

"कोण सांगतं गं तुला?"

"डोळं गेलं का तुमचं? हितं लिवलंय की!" आणि हसायची.

लाल गोलाबद्दल मी तिला बोललो नाही. बोललो असतो तर तो गोल कुणी आणला, हेही सांगावं लागलं असतं.

मग एका दुपारी ती पातळ बदलून बाहेर आली. हातात पिशवी. "चला. सुमी इंदापूरला दवाखान्यात हाय. प्वाटातलं ऱ्हायलं न्हाय तिचं."

मी फोन काढून बघितलं. साइटवर काहीच नव्हतं, आदल्या दिवशीचंच पान. खरं सांगतो, मला तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, आता सापडली. "बघ, काही लिहिलेलं नाही. मनाचं सांगतेस तू."

"लिवलंय! आई, एकदा तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायचंय, आसं लिवलंय. मला यष्टीत बसवून द्या निस्तं. म्होरं मी जाते."

मी दारात उभा राहिलो. हललो नाही. शेवटी ती गुडघा धरून उंबऱ्यातच बसली. पिशवीत काय होतं ते मी नंतर बघितलं... दोन धुवट पातळं आणि डब्यात डिंकाचे लाडू.

पुढं टॅबलेट चार्ज होईना. रियाज आमच्या गावात कामाला आला होता, त्याला घरी बोलावलं. त्यानं तो चालू केला आणि बघता बघता म्हणाला, "आज्जी, सुमीताईची साइट बंद करून ठिवलीया की. तात्यांनी चुकून नाव टाकलं काय? काढू?"

"कवापास्नं हाय बंद?" इंदूनं विचारलं.

"अ‍ॅप टाकल्यापास्नं."

इंदूनं माझ्याकडं बघितलं. परक्या माणसाकडं बघावं तसं. "तुमी मला सांगिटलं, पोरीनं बंद केलं म्हनून." एवढंच बोलली.

मी पिन सांगितला, रियाजनं बंदी काढली. पान उघडलं. मला दिसलं, रियाजला दिसलं — सुमी, शाळा, मुलं. त्यानं ते इंदूपुढं धरलं. तिनं बोट ठेवलं, मग काढून घेतलं.

"निस्ता लाल गोल हाय," म्हणाली.

चष्मा बदलला, डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं. पेपर वाचायची, पोथी वाचायची, सुमीचं पान मात्र तिला पुन्हा दिसलं नाही. एकदा मी विचारलं, वाचून दाखवू का? "तुमच्या तोंडून नगं."

त्या वर्षी इंदू गेली. सुमी दहाव्याला आली. मांडव निघाल्यावर मी तिला दवाखान्याचं विचारलं. ती दचकलीच.

"तात्या, ते आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दुपारी कॉटवर पडून लिहिलं होतं साइटसाठी. पण टाकलं नाही. खोडलं."

काय लिहिलं होतं, ते तिनं सांगितलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडण्याचं. शब्दाला शब्द तेच.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझ्या आईनं सांगितलं. त्याच दुपारी."

सुमी म्हणाली, "म्हणजे आईला कळलं होतं. आणि तरी आली नाही."

मी म्हणालो, "तिचा गुडघा..."

"हं," म्हणाली आणि उठून गेली.

बंद पान इंदूला कसं दिसायचं, जे टाकलंच नाही ते तिनं कुठं वाचलं, आणि उघडल्यावर का दिसेना... मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, वयाचं असतं. वयाला न टाकलेलं पान कसं वाचता येतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

परवा इंदापूरला गेलो होतो. शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. सुमी मुलांना रांगेत बसवत होती, मला बघून बाहेर आली. काय बोलायचं ते जाताना सगळं ठरवून गेलो होतो... सुमे, तुझी आई निघाली होती, पिशवी भरून उभी होती. दार मी अडवलं. मला माफ कर.

"तात्या, चहा घेणार?" तिनं विचारलं.

"घेईन," म्हणालो. चहा घेतला आणि परतीच्या एसटीत बसलो.