भाऊंच्या उजव्या हाताला

नारपोलीत लूमच्या शेडांमागे केसरीनाथ भाऊंचं टेनिस कोर्ट होतं. भाऊंची दापोड्याची जमीन गोदामांना गेली, पैसा आला, पोट सुटलं आणि डॉक्टर म्हणाले, रोज घाम गाळा. भाऊंनी घाम गाळायला लतीफला ठेवलं. म्हणजे फटके भाऊंनी मारायचे, तेही जागच्या जागी, आणि पळायचं लतीफने. अशा पगारी खेळाडूला मार्कर म्हणतात.

भाऊंना चेंडू उजव्या हाताला, कमरेएवढा लागे. डावीकडे गेला की त्यांचा राग दिवसभर कामगारांवर निघे. इतक्या वर्षांत लतीफने ती वेळ फारशी येऊ दिली नाही.

एकोणनव्वद साली ठाण्याचे एक कोच पाहुणे म्हणून आले. लतीफचा खेळ बघून म्हणाले, "उणिवा बुजवत बसू नकोस. तुझ्यात जी एक गोष्ट भारी आहे, तीच घासत राहा."

आपलं भारी काय? नेम! भाऊ गेले की लतीफ पलीकडे रुमाल टाकायचा आणि दहातले नऊ चेंडू त्यावर पाडायचा. आपण रुमाल रोज एकाच जागी टाकतोय, हे भल्या लतीफच्या ध्यानातच आलं नाही.

कोर्टाला लागूनच भाऊंनी लतीफला दिलेली खोली होती. शेडमधलं कापसाचं तूस फटींतून आत येई. त्याची बायको खुर्शीद खोकून खोकून अर्धी झाली होती. डॉक्टर म्हणायचे, जागा बदला. सांगायला काय जातं! दोन वर्षांनी कोचचा निरोप आला. ठाण्याच्या एका क्लबला कायमचा शिकवणारा हवा होता, राहायला मोकळ्या हवेत क्वार्टर. तिथल्या स्पर्धेत फायनल गाठली की जागा लतीफची.

"तुम्ही जाच," खुर्शीद म्हणाली. "माझ्यासाठी जा."

सुरुवातीचे सामने त्याने न चुकता खेळूनच काढले. समोरचे दमून चुकत गेले. सेमीफायनलला एक कॉलेजातला पोरगा होता. त्याचा बॅकहँड लंगडा, हे चहावाल्यालाही ठाऊक होतं. डावीकडे टाकायचं, बस्स!

पहिला चेंडू पोराच्या उजव्या हाताला गेला, कमरेएवढा. दुसराही तिथेच. लतीफने दात आवळून डावीकडे मारले, ते जाळ्यात अडकले, नाहीतर रेषेबाहेर गेले. हात मोकळा सोडला की चेंडू पुन्हा तिथेच, अगदी हातात दिल्यासारखा. स्वतःच्याच हाताचा त्याला संताप आला, मग भीती वाटली. खुर्शीदचा चेहरा डोळ्यांपुढे आणूनही हात ऐकेना.

तासाभरात खेळ खलास. पोरगा जाळ्याशी येऊन म्हणाला, "काका, माझा फोरहँड आजच्याइतका कधीच लागला नव्हता."

"छान खेळलात, साहेब," लतीफच्या तोंडून निघून गेलं. बारा वर्षं तो रोज हेच म्हणत आला होता.

घरी खुर्शीद पाणी देऊन खोकत आत गेली, आणि लतीफला तिच्यामागे जायचा धीर झाला नाही.

सकाळी भाऊ खुशीत होते. "बरा झाला हारलास! तू गेला असतास त मी कोनासंगं खेललो असतो? माज्यासाठी तूच हायेस."

लतीफ हसला. दुसरं काय करणार होता? खोलीत खुर्शीद खोकत होती. भाऊ रॅकेट सरसावून उभे राहिले. लतीफने चेंडू टाकला. तो बरोब्बर गेला.